दुसरी खाच

धार नसलेली लोखंडी चकती सुताराच्या पेटीत कशाला असेल? वडील गेल्यावर पनवेलच्या जुन्या घरातली हत्यारांची पेटी मी करंजाड्यातल्या गाळ्यावर आणली. वाकस, पटाश्या, सामता, गुण्या सगळे आपापल्या जागी होते. तळाशी गोणपाटात गुंडाळलेली ही चकती निघाली. व्यास आठेक इंच, लोखंडी बेचक्यात पिनेवर फिरते, खाली बाभळीची मूठ. शेजारच्या वहिनी बघताक्षणी म्हणाल्या, "अगंबाई, केवढं हे कातणं! एवढ्या मोठ्या करंज्या कोण करायचं तुमच्याकडे?" रूप तसेच आहे. पण कातण्याचे दाते हिला नाहीत. कड गुळगुळीत आहे, आणि तिच्यावर एकमेकींपासून अंगठ्याच्या रुंदीवर दोन खाचा आहेत.

ती मी बरेच दिवस कुणाला दाखवली नाही. खारघरपासून पनवेलपर्यंत कुणाला जुने हत्यार सापडले की ते माझ्याकडे येते. लोक विचारतात, मी सांगतो, आणि ते सांगणे मला फार आवडते. घरचेच हत्यार दुसऱ्या कुणी ओळखून दिले असते तर मला सहन झाले नसते.

म्हणून एकट्यानेच झीज बघत बसलो. कड सगळीकडे सारखी झिजलेली. पिनेला इतक्या वर्षांनंतरही केसभर ढिलेपणा नाही. कापत नाही, ठोकत नाही, तासत नाही, आणि तरी ज्याची पीन इतकी जपलेली आहे, ते हत्यार मापाचेच असणार. आत्याला विचारले. तिला एवढेच आठवले की आजोबा 'फिरकी'ला पोरांचा हात लागू देत नसत. आजोबा गाडीची चाके करत. तिथे सगळे जुळले. खाचेपासून सुरुवात करून चकती चाकाच्या घेरावरून फिरवायची, फेरे मोजायचे, उरलेल्या भागाला खडूची खूण करायची. मग तेवढेच फेरे धावेच्या, म्हणजे चाकावर चढवायच्या लोखंडी कडीच्या, सरळ पट्टीवर. विलायतेतल्या लोहारांकडे आणि चाके करणाऱ्यांकडेही हीच चकती असायची, तिला ते ट्रॅव्हलर म्हणत. इंच, फूट, हात कशाचीच तिला गरज नाही. चाकाचा घेर उचलायचा आणि लोखंडावर नेऊन ठेवायचा, बस्स.

पण धाव लोहाराची. मग चकती सुताराकडे का? मला वाटते, धाव निसटली की गाडीवान सुताराच्याच दारात यायचा, कारण चाक त्याने विकलेले असे. लोहाराचे माप पुन्हा स्वतः फिरवून बघायला आजोबांनी ती करून घेतली असणार. पनवेलच्या चाकांना तेव्हा नाव होते. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला आणि घाटावरचा माल पनवेलच्या बंदराकडे उतरू लागला. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये इथला उद्योग म्हणून गाड्यांच्या कामाची नोंद आहे. 1863 मध्ये आगगाडी बोरघाट चढली, तरी आमच्या घरचा धंदा पुढे चालू राहिला. तो बसला टायरच्या गाड्यांमुळे.

हत्यार ओळखले, तरी काम कळले नाही. धाव चाकापेक्षा आखूड करायची, हे कुणीही सांगेल. किती आखूड? दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर चार मीटर सत्तर सेंटिमीटर. तेवढे लोखंड पाचशे अंशांनी तापले की पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास वाढते. या पावणेतीनच्या आत राहून धाव चाकावर उतरवायची आणि वरून पाणी मारायचे. कमी आखूड ठेवली तर वैशाखात ती खुळखुळते आणि गाडीवान चाके नदीत उभी करून लाकूड फुगवत बसतो. जास्त आखूड केली तर घेराच्या लाकडी पाट्यांचे सांधे मिटतात, तरी लोखंड आवळतच राहते आणि आरे वाकतात. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. म्हणजे सगळा हिशेब सांध्यांत सोडलेल्या फटींवर, आणि त्या फटी प्रत्येक चाकाच्या वेगळ्या. ओल्या बाभळीच्या वेगळ्या, मुरलेल्या बाभळीच्या वेगळ्या. पावसाळ्यात भरलेल्या चाकाच्या आणखी वेगळ्या.

मग ही दुसरी खाच कोणी केली? पहिली छिन्नीच्या एका घावात पाडलेली आहे, काठ अजून ताठ. दुसरी कानशीने घासलेली आहे, थोडी तिरकी. दोघींतले अंतर इंचभर, म्हणजे त्या पावणेतीन सेंटिमीटरच्या आत नेमके बसते. पहिली आजोबांची, दुसरी माझ्या वडिलांची, असे मी मानतो. आजोबा काय वजा करायचे ते चाक बघून ठरवत. वडिलांनी ती वजाबाकी लोखंडावर कोरून ठेवली. मला ती खाच आवडत नाही. सगळ्या चाकांना एकच वजाबाकी लावणे म्हणजे फटी न बघणे. माझ्याकडे शिकणारा पोरगा म्हणतो, "काका, सुरुवात तिथून करायची असेल, मग कमी-जास्त." मी त्याला गप्प केले. पण पुढचे कित्येक दिवस प्लाय कापताना मी त्याच वाक्याशी मनात भांडत होतो, आणि अजून भांडतो.

जॉर्ज स्टर्ट नावाच्या इंग्रज शाळामास्तराला 1884 मध्ये वडिलांचा चाकांचा कारखाना चालवावा लागला. 1923 मध्ये त्यावर त्याने 'द व्हीलराइट्स शॉप' हे पुस्तक लिहिले. स्वतःचा हात कसलेला नव्हता, म्हणूनच त्याने कारागिरांचे काम इतके बारकाईने पाहिले असावे. आमच्या घरात हात कसलेले होते, पण जवळ बसून विचारणारा कुणी नव्हता. मीही विचारले नाही. मला तेव्हा सनमायका लावण्यात मोठेपणा वाटत होता.

आता कर्जत-पनवेलच्या फार्महाऊसवर चाके दिसतात, वर काच टाकलेली किंवा दिवे लावून छताला टांगलेली. विकणारे धाव काढून भंगारात घालतात आणि लाकडाला पॉलिश मारतात. धाव काढलेले चाक मला बघवत नाही. त्याचे सांधे उघडे पडलेले असतात आणि गिऱ्हाईक त्या फटींना जुनेपणाची शोभा म्हणते. अशा कामाला मी कितीही पैशांना हात लावत नाही. करंजाड्याच्या टॉवरमध्ये प्लायची कपाटे मात्र करतो, पोट त्यावर चालते. तिथे लाकूड आटेल की फुगेल याची चिंता नाही, आणि तेच मला खुपते.

एक चाक करायचे ठरवले आहे. उजव्या हाताचा अंगठा आता सकाळी वळत नाही, तेव्हा फार थांबता येणार नाही. चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी बाभळीचा ओंडका आणून सावलीत मुरत टाकला आहे, आरे पोरगा काढेल. धावेचे माप मी पहिल्या खाचेवरूनच घेणार, आणि वजाबाकी फटी बघून करणार. पोराने दुसऱ्या खाचेवरून वेगळी खूण केली तर करू द्यायची, एवढे मान्य केले आहे. अडले आहे ते लोहारापाशी. ज्यांना विचारले ते ग्रिलचे काम करतात, वेल्डिंगची मशीन दाखवतात. एवढी मोठी कडी सगळीकडून सारखी तापवणारा माणूस अजून मिळालेला नाही.