कुंपणाबाहेरचा सूर

‘लोनरिझम’ लावण्याआधी मी त्याचं मुखपृष्ठ पाहत बसतो. पॅरिसची लक्झेंबर्ग बाग, तिथे निवांत बसलेली माणसं, आणि मध्ये आडवे येणारे लोखंडी कुंपणाचे गज. फोटो काढणारा बाहेर उभा आहे. तो केविन पार्कर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. अल्बम ज्या नावाने आला ते ‘टेम इम्पाला’ हे नाव बँडचं वाटतं. पण २०१२ सालच्या या अल्बममध्ये ड्रम्स, बास, गिटार, सिंथेसायझर आणि गळा, जवळजवळ सगळं या एकट्याचं आहे. दोन गाण्यांच्या रचनेत जे वॉटसन या मित्राचाही हात आहे.

सायकेडेलिक रॉक वाढला तो गर्दीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या, लंडनच्या सभागृहांत माणसं एकमेकांत विरघळायला जमत. पार्करने तेच सूर उचलले आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला या अल्बमचं सगळं मोल त्या बंद दारात दिसतं.

या अल्बमभर ऐकू येणाऱ्या फेझरचंच पाहा. सत्तरच्या दशकात गिटारवादकांच्या पायाशी आलेली ही छोटी डबी. आवाजाचे दोन धागे करायचे. एक जसाच्या तसा, दुसऱ्याच्या लहरी जराशा सरकवलेल्या. मग दोन्ही पुन्हा मिसळायचे. जिथे लहरी एकमेकींना खोडतात तिथे सूर गळतो, आणि ती गळती सतत जागा बदलते. झांजेचा कोरडा खणखणाटही मग पाण्याखालून वळसे घेत आल्यासारखा वाटतो. आवाज दुहेरी करण्याचा हा नाद त्याही आधीचा. तेच गाणं परत गाऊन आवाज दुहेरी करण्याचा जॉन लेननला कंटाळा. म्हणून १९६६ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका आवाजाच्या दोन प्रती किंचित अंतराने वाजवण्याची युक्ती काढली. पार्करचा उंच, हळवा गळा ऐकताना लेननची आठवण होतेच. पण इथे ती युक्ती नुसता साज उरत नाही. एकच माणूस स्वतःपासून जरासा सुटतो आणि स्वतःच्याच शेजारी उभा राहतो. भरल्या घरात एकटं वाटलेल्या कुणालाही हा आवाज ओळखीचा वाटेल.

आणि तरी अल्बम उदास नाही! ड्रम्स धावत, आदळत येतात, सिंथेसायझर ऊन सांडतात. डेव्ह फ्रिडमनच्या मिक्सिंगमध्ये सगळं काठोकाठ भरलेलं.

पार्करला ज्याचं मोठं वेड, तो संगीतकार टॉड रंडग्रेनही एकांड्याच वाटेचा. १९७२ च्या दुहेरी अल्बमच्या चारपैकी तीन बाजू त्याने एकट्याने वाजवल्या, एकट्याने गायल्या. ‘लोनरिझम’मधलं ‘एलिफंट’ हे गाणं याच रंडग्रेनकडे गेलं, आणि त्याने त्याचं नवं रीमिक्स करून दिलं.