मागे फिरणं म्हणजे रडीचा डाव?

बोर्ड गेम कॅफेत हा सीन हमखास बघायला मिळतो. समोरचा हरायला लागला की सोंगट्या मागे-मागे सरकवत बसतो आणि बाकीचे ओरडतात, ‘‘ए, रडीचा डाव नको हां!’’ पुढे घुसला तो शूर, मागे फिरला तो फट्टू, असा सगळा फंडा. गंमत म्हणजे ओरडणारे आपण सगळे गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेलो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले आणि १६७० पासून गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. त्याला म्हणा बघू रडीचा डाव!

माझे मामा तर मुळीच म्हणणार नाहीत. मामांचं गाव पुणतांबा. राहाता तालुक्यातलं, गोदावरीकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं. सुट्टीत ओसरीवर त्यांच्याशी बुद्धिबळ खेळणं म्हणजे पेशन्सची परीक्षा. तुम्ही वजीर नाचवत याल, ते शांतपणे घोडा घरी परत नेणार. वैतागून विचारलं की म्हणायचे, ‘‘मेलेला घोडा काय कामाचा?’’ आणि आठ-दहा चालींनंतर तोच घोडा राजाला शह देऊन हत्ती घेऊन जायचा.

नियमांनाही हे मान्य आहे, फक्त लिमिटमध्ये. दोन्ही बाजूंच्या सलग ५० चालींत काही मारलं गेलं नाही आणि एकही प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली तरीही. म्हणजे पळा, पण जन्मभर नाही.

बरं, हरणारा पळाला तर समजू शकतो. वरचढ असलेलाच मागे फिरला तर? २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. पहिले अकरा डाव बरोबरीत. बाराव्यात कार्लसनची पोझिशन सरस, घड्याळात वेळही जास्त, आणि पठ्ठ्यानं ३१ व्या चालीला बरोबरी ऑफर केली! याची नर्व्ह जातेय, असं खुद्द कास्पारोव्हनं जाहीरपणे म्हटलं. दोन दिवसांनी रॅपिडच्या टायब्रेकमध्ये कार्लसन ३-० जिंकला. मला विचाराल तर ती माघार शंभर टक्के फेअर होती. किताब त्याचा, रिस्कही त्याचीच.

पटावर एकालाच हा चॉइस नसतो. प्याद्याला. ते फक्त पुढे जातं.

हे नीट कळलं ते २०१७ मध्ये. १ जूनला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शहरांकडे जाणारं दूध-भाजी अडली, रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. मामांनीही दोन कॅन ओतले. २ जूनच्या रात्री संपाच्या समितीतले काही जण मुंबईत तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले आणि ३ जूनच्या पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. अनेकांना ते पटलं नाही, संप बऱ्याच ठिकाणी चालूच राहिला. ११ जूनला सरकारनं कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. २४ जूनला ३४ हजार कोटींचा आकडा आला, दीड लाखापर्यंतची माफी.

मला वाटलं, घोडा घरी नेणारे मामा ‘बरोबर केलं’ म्हणतील. कसलं काय! फोनवर भडकलेच.

‘‘अहो मामा, तुम्हीच तर शिकवलंत मागे यायला!’’

‘‘मी माझा घोडा मागं घेतो. ओतलेलं दूध कॅनमध्ये परत येतं का? आम्हाला विचारलं कुणी?’’

मागे फिरणं त्यांना खटकलंच नव्हतं. पटावर डाव तुमचा, घोडाही तुमचाच आणि लाकडाच्या प्याद्याला कर्ज नसतं. इथे मागे फिरणारे वेगळे आणि पुढच्या घरात अडकलेले वेगळे होते. माझी सहानुभूती अर्थातच मामांकडे. पण त्यांच्या शेजारच्या काकांचं म्हणणंही उडवून लावता येत नाही. दूध नासतं, भाजी सडते, तीन गाई असलेला माणूस किती दिवस ताणणार? वेळेत बोलणी केली हे बरंच झालं, असं काकांचं ठाम मत.

दोघं अजून ओसरीवर रोज बुद्धिबळ खेळतात. काका बरोबरी मागतात, मामा देत नाहीत.