साखरेची टोपणनावं

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांना दोन नावं आहेत? हजेरीत एक आणि घरी एक? माझ्या वर्गात एक ज्ञानेश्वर आहे. तो घरी माउली, मामाकडे ज्ञानू आणि मैदानावर नुसता 'डीके'. नावं चार, पण मुलगा एकच! कुठल्याही नावानं हाक मारून लाडू द्या, तो जातो एकाच पोटात.

साखरेचंही अगदी असंच आहे बरं का. किराणा दुकानात गोणीत असते तेव्हा ती सरळ 'साखर' असते. पण रंगीत पाकिटात शिरली की नाव बदलते. कुठे डेक्स्ट्रोज, कुठे माल्टोज, कुठे लिक्विड ग्लुकोज, कुठे कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, राइस सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, नाहीतर फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट. वाचताना वाटतं, ही कुठली तरी औषधं असावीत! पण सगळे एकाच माळेचे मणी. आज या टोपणनावांची ओळख करून घेऊ या.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. साखरेशी माझं भांडण नाही. आमची शाळा उसाच्या पट्ट्यातली. हंगाम सुरू झाला की शाळेवरून उसाच्या ट्रॉल्या जातात आणि मळीचा वास थेट वर्गात येतो. निम्म्या मुलांची दप्तरं उसाच्या बिलातूनच आलेली असतात. दिवाळीची करंजी, संक्रांतीचा तिळगूळ, वाढदिवसाचा शिरा खुशाल खावा. त्यात गोड आहे हे खाणाऱ्याला ठाऊक असतं. लाडू कधी 'मी लाडू नाहीच' असं म्हणत नाही. माझी तक्रार आहे ती लपून बसणाऱ्या साखरेबद्दल.

आता तुम्ही विचाराल, "बाई, राइस म्हणजे तांदूळ. तांदळाची कुठे साखर होते का?"

होते तर! आमच्या वर्गात आम्ही हे करून पाहिलं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून थोडा नुसता पांढरा भात मागून घेतला. मीठ नाही, वरण नाही. प्रत्येकाला एकच घास. अट एवढीच, की घास पन्नास वेळा चावायचा आणि गिळायचा नाही. पहिल्या वीस वेळा सगळे हसत होते. तिसाव्या वेळेला एक मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "बाई, गोड लागतंय!"

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. आपल्या लाळेत टायलिन नावाचं विकर असतं. भातातला स्टार्च, म्हणजे पिष्ट, ते फोडतं आणि त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. कारखान्यात हेच काम मोठ्या टाक्यांमध्ये करतात. तांदळाच्या पिठाच्या पातळ खळीत विकरं घालतात, पिष्टाची साखर झाली की गाळतात आणि आटवून काकवीसारखा घट्ट पाक करतात. हेच ते राइस सिरप. माल्टही आपल्याला परकं नाही. नाचणीला मोड आणून आजी सत्त्व करते ना? मोड आलेल्या धान्याला थोडी गोडी येते, कारण दाण्यातलं पिष्ट फुटून साखर होऊ लागते. जव म्हणजे बार्ली मोडवून, वाळवून, तिचा अर्क आटवला की माल्ट एक्स्ट्रॅक्ट झाला.

पण मूठभर भात खाणं वेगळं आणि ढीगभर तांदळाचा आटवलेला पाक खाणं वेगळं. पाकिटावर भाताच्या लोंब्यांचं सुंदर चित्र असतं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'रिफाइंड साखर नाही'. लिहिलेलं खोटं नसतं, कारण आत राइस सिरप असतं! पण पोटाला चित्रं दिसत नाहीत. ते सिरप रक्तात ग्लुकोज म्हणूनच पोचतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय?

मग कारखानदार एकच साखर न घालता तीन-चार प्रकारची का घालतात? कधी खरंच गरज असते. पाकानं वडी चिकटून राहते, बिस्किटाला रंग येतो, पदार्थ मऊ राहतो. पण आणखी एक गंमत आहे, ती समजण्यासाठी एक नियम माहीत हवा.

प्रार्थनेला तुम्ही उंचीप्रमाणे उभे राहता. पाकिटामागच्या घटकांच्या यादीत वजनाप्रमाणे उभं राहायचं असतं. जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं. मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. आपल्या देशातला हा कायदाच आहे.

आता गणित करू. समजा, ओट्सची १०० ग्रॅमची एक वडी आहे. तिच्यात ओट्स ३० ग्रॅम आणि साखर ३६ ग्रॅम. मग यादीत पहिलं नाव कुणाचं? साखरेचं. आई पाकीट परत ठेवून देईल! पण त्याच ३६ ग्रॅमचे तीन भाग केले, १४ ग्रॅम साखर, १२ ग्रॅम राइस सिरप आणि १० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, तर? आता पहिला नंबर ओट्सचा. साखर मागे सरकली आणि तिची दोन भावंडं आणखी मागे जाऊन उभी राहिली. वडीतलं गोड एका कणानंही कमी झालं नाही. आहे की नाही युक्ती?

एका शनिवारी मी मुलांना घरातली रिकामी पाकिटं आणायला सांगितली. बिस्किटांची, सॉसची, नूडल्सची, पावाची, सरबताची. पाटावर चार गट केले आणि यादी वाचायला बसवलं. गोड पदार्थांत गोड सापडलं, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण एका टोमॅटो केचपच्या बाटलीवर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमहून जास्त साखर निघाली तेव्हा वर्ग गप्प झाला. म्हणजे भज्यांबरोबर मोठा चमचाभर सॉस घेतला, की चहाच्या चमच्याएवढी साखर आपोआप पोटात. पावात साखर सापडली, 'पचनाला हलकी' म्हणवणाऱ्या बिस्किटांत सापडली, तिखट नूडल्सच्या मसाल्यातसुद्धा सापडली. मुलांनी स्वतःच एक खूण शोधली. नावाच्या शेवटी 'ओज' दिसलं की थांबायचं! ग्लुकोज, सुक्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज, डेक्स्ट्रोज. ही खूण बहुतेक वेळा उपयोगी पडते. सेल्युलोज मात्र साखर नव्हे, तो चोथा. शिवाय माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा एक बेरकी गडी आहे. तो फारसा गोड लागत नाही आणि साखरेच्या रकान्यात बहुधा सापडतही नाही. तो कार्बोहायड्रेटच्या, म्हणजे कर्बोदकांच्या, रकान्यात बसतो. पण पोटात गेल्यावर त्याचं भराभर ग्लुकोज होतं.

आता जे सांगणार आहे ते पालकांनीही वाचावं अशी माझी विनंती आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला आपण गोट्या म्हणू. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, तेव्हा त्याच्या तीन दाढा किडलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "चॉकलेटं फार खातोस का?" गोट्या म्हणाला, "आई देतच नाही." आणि ते खरं होतं. त्याची आई आठवडी बाजारात भाजी विकते. मुलानं गोड खाऊ नये यावर तिचा कटाक्ष. त्याला ताकद यावी म्हणून ती पै पै साठवून दर महिन्याला दुधात घालायच्या पावडरीचा डबा आणायची. डब्यावर धावणाऱ्या, उंच उडी मारणाऱ्या मुलांची चित्रं होती.

मी तिला डबा घेऊन यायला सांगितलं. ती आली, पण जरा बिचकतच. मास्तरणीनं बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलं, असंच तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. आपण फक्त हे वाचू या." वाचणार कोण? मागची बारीक अक्षरं इंग्रजी. कायद्यानं वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतो, मराठी असायलाच हवी असं नाही. म्हणून गोट्यालाच वाचायला लावलं. त्यानं अडखळत वाचलं. १०० ग्रॅममागे ॲडेड शुगर, म्हणजे वरून घातलेली साखर, ३२ ग्रॅम. डबा अर्ध्या किलोचा. गोट्यानं फळ्यावर गुणाकार केला, १६० ग्रॅम. चहाचा एक चमचा साधारण ४ ग्रॅमचा. म्हणजे एका डब्यात चाळीस चमचे!

गोट्याची आई रोज तागडी हातात धरणारी बाई. तिला पुढचं गणित सांगावं लागलं नाही. "बाई," ती म्हणाली, "म्हणजे सात रुपयांची साखर झाली ही. आन् मी वर घरची दोन चमचे घालत होते दुधात, गोड लागावं म्हणून." थोडा वेळ ती डब्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढं मोठं चित्र काढलंय पुढं. साखर तेवढी मागं, मुंगीएवढ्या अक्षरात."

त्या डब्यात जीवनसत्त्वं होती, धान्याचा अर्क होता, हे मी तिला सांगितलं. डब्यात विष नव्हतं. पण तिनं पैसे मोजले होते ताकदीसाठी, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा साखर निघाली, तीही जिच्यापासून ती मुलाला जपत होती ती. पुढच्या महिन्यापासून तिनं त्या पैशांत शेंगदाणे, अंडी आणि नाचणी आणायला सुरुवात केली. किडलेल्या दाढा काही परत आल्या नाहीत. एक काढावी लागली, दोन भरून घेतल्या. तोंडातल्या जंतूंना सगळ्या साखरा सारख्याच गोड. त्या खाऊन ते आम्ल तयार करतात आणि दात पोखरतात. साखर कुठलं नाव सांगून आली, हे जंतू विचारत नाहीत.

पालकहो, यात आईवडिलांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. भल्या भल्या तपासनिसांना साखर चकवते. मधाचंच पाहा ना! मधात साखरेचा पाक मिसळलाय का, हे ओळखायची एक जुनी चाचणी आहे. ऊस आणि मका ही झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात आणि मधमाश्या ज्यांच्यावर बसतात ती बहुतेक फुलझाडं दुसऱ्या पद्धतीनं. त्यामुळे उसाची किंवा मक्याची साखर मधात मिसळली की पकडता येते. पण भाताचं रोप त्या फुलझाडांच्याच गटातलं! म्हणून राइस सिरप या चाचणीतून सहीसलामत सुटतं. मग तांदळाच्या पाकासाठी वेगळ्या चाचण्या आणाव्या लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनं मधाच्या १३ ब्रँडची तपासणी जाहीर केली. त्यातले फक्त ३ ब्रँड सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले. काही कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण पाक किती हुशारीनं लपू शकतो, हे त्या वेळी सगळ्या देशाला कळलं.

मग गोड खायचं तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा अशा साखरेतून मिळावी, ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आणखी चांगलं. मोठ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. लहान मुलांना त्याहून कमी. यात मध आणि फळांचा रस धरायचा. अख्खं फळ आणि साधं दूध यांतली नैसर्गिक साखर मात्र यात धरत नाहीत. तेव्हा पेरू आणि केळी मजेत खा!

हळूहळू सरकारचंही लक्ष जाऊ लागलंय. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना बजावलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कशात किती साखर, हे मुलांना दिसावं म्हणून. आमची शाळा सीबीएसईची नाही. पण आमच्या मुलांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तसा तक्ता केलाय, तोही मराठीत.

आता तुमच्यासाठी काम. घरात आलेलं कुठलंही एक पाकीट घ्या. पुढची बाजू बघायची नाही, थेट मागं वळवायचं. तीन गोष्टी शोधा. पहिल्या तीन नावांत कोण आहे? यादीत साखरेची किती टोपणनावं आहेत? आणि १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर किती? त्या आकड्याला ४ नं भागा, चमचे मिळतील.

मग ते सगळं आईला, आजीला, बाबांना मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्हाला पाचवी-सहावीत जेवढं इंग्रजी येतं, तेवढं यासाठी भरपूर आहे. घरातलं कुणीतरी घाम गाळून मिळवलेले पैसे दुकानात देतं. ते कशासाठी दिले, हे त्यांना कळायला हवं, आणि ते सांगणारे तुम्ही असू शकता.

किती टोपणनावं सापडली, ते वहीत लिहून ठेवा हं!