इस्लामपूर आणि विषाणूचा नकाशा

पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्यापाशी पूर्वेस वळले म्हणजे थोड्याच वेळात इस्लामपूर लागते. दोहों बाजूंस उसाची दाट शेते, गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग, आणि पुढे कृष्णाकाठची काळी कसदार जमीन. उरुण-इस्लामपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय 2025 साली झाला. आम्ही येथील गजबजलेल्या पेठेतून हिंडलो, तेव्हा हेच रस्ते एके काळी ओस पडले होते, हे खरे वाटेना.

मार्च 2020 च्या अखेरीस कोरोनाच्या साथीने येथे प्रवेश केला. थोड्याच दिवसांत वीसांहून अधिक माणसे बाधित झाली; त्यांतील बहुतेक एकमेकांचे आप्तच. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांनी परस्परांपासून दूर राहणे किती कठीण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. लस अजून निघावयाची होती. रुग्णांस मिरजेस हलविले, त्यांच्या संपर्कातील लोकांस वेगळे ठेवले, गावाच्या वाटा बंद केल्या. आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक जण बरे झाले.

त्यांच्या देहाने या अनोळखी शत्रूस नेमके कोठे गाठले असेल? आपल्या रक्तातील रक्षक संबंध विषाणू ओळखीत नाहीत. त्याच्या प्रथिनाचा एखादा लहानसा भागच हेरतात. तो भाग आधीच गणिताने सांगता येईल काय, हा प्रश्न याच महामार्गाने उत्तरेस लागणाऱ्या पुण्यात पूर्वीच हाती घेतला गेला होता. 1990 साली पुणे विद्यापीठातील कोळस्कर व टोणगावकर यांनी त्यासाठी एक रीत प्रसिद्ध केली. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ समजावी. आधी सिद्ध झालेल्या लक्ष्यांत कोणता मणी किती वेळा येतो, हे पाहून प्रत्येकास गुण द्यावयाचे. मग सात-सात मण्यांची सरासरी काढीत जावयाचे. जेथे ती सलग चढती राहील, तेथे लक्ष्य असण्याचा संभव. हे भाकीत शेकडा सुमारे 75 खरे ठरते, असे त्यांस आढळले. परंतु माळ दुमडली म्हणजे दूरचे मणीही शेजारी येतात. म्हणून 1999 साली कोळस्कर व उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील प्रथिनाची घडी संगणकावर बांधून त्यावरील लक्ष्ये दाखविली.

इस्लामपुरात साथ शिरली त्याच मार्च महिन्यात अमेरिकेतील ला होया येथील संशोधकांनी जुन्या सार्स विषाणूशी ताडून नव्या विषाणूची संभाव्य लक्ष्ये गणिताने मांडली. पण ते तेथेच थांबले नाहीत. मे महिन्यात त्यांनी बऱ्या झालेल्या 20 जणांच्या रक्तावर ती पारखली. रक्षक पेशींच्या एका वर्गाने सर्वांच्या रक्तात त्यांस ओळख दिली. दुसऱ्याने शेकडा सुमारे 70 जणांत.

शेकडा 75 म्हणजे चारांत एक चूक, हे विसरून चालत नाही. गणित शोधाचे रान लहान करते; साक्ष मात्र दुखणे सोसून उठलेल्या माणसाचे रक्तच देते. आणि ती साक्ष मिळून लस हाती येईपर्यंत, शेजाऱ्याच्या जिवासाठी आपले दार लावून घेण्याचा संयम इस्लामपुराने दाखविला, तोच माणसांस तारतो.