रिकामं दिसणारं कार्ड

माझं काम डेटा रिकव्हरीचं. लग्नसराई ओसरली की आमच्याकडे गर्दी होते. कुणी चुकून कार्ड फॉरमॅट मारलेलं असतं, कुणाच्या मुलानं बारशाचे सगळे फोटो डिलीट केलेले असतात. त्यांतले बरेच फोटो आम्ही परत मिळवून देतो, आणि ते मिळतात याचं कारण साधं आहे : डिलीट केलेला फोटो कार्डावरच असतो. ज्याचे फोटो गेले त्याला याचा केवढा आनंद होतो, हे मी रोज पाहतो. पण दिवाळीची आवराआवर करताना जुना कॅमेरा कार्डासकट भाच्याला देणाऱ्या, ऑनलाइन विकणाऱ्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या पथारीवाल्याला देऊन टाकणाऱ्या माणसाला हेच कारण गोत्यात आणू शकतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

कार्डावर फोटोंखेरीज त्यांच्या नोंदीही असतात : फाइलचं नाव, आकार, ती कुठून सुरू होते. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर ही व्यवस्था बहुधा फॅट32 पद्धतीची असते, त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट. फॅट32 मध्ये फोटो डिलीट केला की त्याच्या नोंदीतलं पहिलं अक्षर बदलून तिथे ई5 हा बाइट लिहिला जातो आणि फोटोनं व्यापलेली जागा मोकळी असल्याची नोंद होते. बस्स, एवढंच. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक कापलं जात नाही, तसा फोटो जागेवर उभाच असतो. नेहमीच्या झटपट फॉरमॅटमध्ये सातबाऱ्याचं अख्खं बाड नवं, कोरं होतं. शेताला तेव्हाही कुणी हात लावलेला नसतो.

हे पीक शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जेपेग फोटोची सुरुवात एफएफ डी8 या दोन बाइटांनी होते आणि शेवट एफएफ डी9 ने. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर नोंदींकडे न बघता कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि अशा खुणा दिसल्या की फोटो बाहेर काढतं. फाइलचं मूळ नाव मिळत नाही, पण फोटोच्या पोटात एक्झिफ माहिती असते : तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. म्हणजे नुसता चेहरा सापडत नाही, घराचा पत्ताही सापडतो. कॉम्प्युटरची जेमतेम ओळख असलेला कॉलेजचा मुलगा हे एका संध्याकाळी करू शकतो.

जुन्या कार्डाच्या शेवटच्या भागाकडे माझं नेहमी विशेष लक्ष असतं. फॉरमॅटनंतर कॅमेरा साधारणपणे पुन्हा सुरुवातीपासून लिहायला लागतो. एखाद्या लग्नात कार्ड काठोकाठ भरलं आणि पुढची दोन वर्षं छोटे वाढदिवस, मुंजी यांतच ते वापरलं गेलं, तर शेवटच्या भागावर काही लिहिलंच जात नाही. मालकाला वाटतं, इतक्या वेळा फॉरमॅट मारलंय, जुनं काय राहणार? आणि आम्ही कार्ड वाचलं की मेंदीच्या रात्रीचे, नवरीच्या खोलीतले फोटो एकामागून एक येऊ लागतात.

2018 साली इंग्लंडमधल्या हर्टफोर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरलेली 100 मेमरी कार्डं विकत घेऊन तपासली. डेटा पुसण्याच्या साधनानं नीट पुसलेली त्यांत फक्त 25 होती. सुमारे दोनतृतीयांश कार्डांवरून आधीच्या मालकाची खासगी माहिती मिळाली.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना मला कळकळीनं सांगायचं आहे. तुमच्या कार्डावरचे चेहरे तुमचे नाहीत. हळद लागताना, साडी बदलून घाईनं बाहेर येताना, पाठवणीच्या वेळी रडताना त्या माणसांनी तुम्हाला जवळ येऊ दिलं ते विश्वासानं. स्टुडिओतली जुनी कार्डं असिस्टंटला देणं, सेकंडहँड बॉडीबरोबर फुकट देणं सर्रास चालतं, आणि देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. तरीही त्या नवरीची संमती त्यात नसते. माझ्या मते कॅमेरा द्यावा, विकावा, पण कार्ड काढून ठेवावं. नव्या कार्डाची किंमत अशी कितीशी असते?

तरीही द्यायचंच असेल तर ते पूर्ण पुसून द्या. आधी हवे असलेले फोटो दुसरीकडे उतरवा आणि उघडून खात्री करा. मग एसडी असोसिएशनचं मोफत ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ घ्या आणि त्यात क्विक न निवडता ओव्हरराइट फॉरमॅट निवडा. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून केलेला फॉरमॅटही चालतो. व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्यं लिहितो, एक्सपीमधला लिहीत नव्हता. ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा आणि बाकीचे पेनड्राइव्ह, हार्डडिस्क काढून ठेवा. सेकंदाला 20 एमबी वेगानं 64 जीबीच्या कार्डाला जवळजवळ तास लागतो. दोन मिनिटांत काम आटोपलं तर समजा, क्विकच झालंय. कॉम्प्युटर नसेल तर कार्ड फॉरमॅट करून लेन्सवर झाकण लावा, कार्ड भरेपर्यंत काळा व्हिडिओ घ्या आणि पुन्हा फॉरमॅट करा. शेवटी स्वतःच फोटोरेक चालवून बघा. 35 वेळा पुसण्याचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. तो पीटर गटमन यांच्या 1996 च्या निबंधातून आला आहे, आणि तो निबंध चुंबकीय डिस्कबद्दल होता. कार्डाची त्यानं झीजच होईल.

पण एक अडचण उरते, ती मी ग्राहकांपासून लपवत नाही. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच लिहिता येतो. म्हणून आतला कंट्रोलर लिखाण वेगवेगळ्या जागी फिरवत राहतो आणि काही जागा राखून ठेवतो, ज्या आपल्याला दिसतही नाहीत. एखाद्या फोटोवर नवं लिहिलं असं आपल्याला वाटतं, तेव्हा जुनी प्रत अशा कोपऱ्यात राहिलेली असू शकते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली याच तंत्रावर चालणाऱ्या एसएसडी तपासल्या. सुटी फाइल पुसण्याची हार्डडिस्कसाठीची एकही पद्धत तिथे खात्रीची ठरली नाही. दिसणारी सगळी जागा दोनदा भरल्यावर बहुतेकदा काम झालं, पण नेहमी नाही. कार्डातल्या दडलेल्या जागा वाचायला चिपपर्यंत पोचावं लागतं. भाचा किंवा पथारीवाला ते करणार नाही. जिद्दीला पेटलेला माणूस मात्र करवून घेऊ शकतो.

फोनचं तंत्र थोडं वेगळं. अलीकडच्या अँड्रॉइड फोनची आतली मेमरी एन्क्रिप्टेड असते आणि फॅक्टरी रिसेटमध्ये तिची किल्ली नष्ट होते. खाचेतल्या कार्डाला मात्र हा रिसेट साधारणपणे हात लावत नाही. फोन देताना कार्ड आधी काढा.

ज्या कार्डावर अगदी खासगी फोटो होते, आंघोळ घालतानाचे बाळाचे फोटो होते, ते मी स्वतः कुणालाही देणार नाही, कितीही वेळा पुसलं तरी. ते तोडायचं. चुंबक फिरवून फ्लॅशला काही होत नाही, आणि पाण्यात पडलेली कार्डं वाळवून मी वाचलेली आहेत. मोठ्या एसडी कार्डाचं प्लास्टिक उघडा. बऱ्याचदा चिप त्याच्या एका भागातच असते आणि नुसतं मधोमध कापलं तर ती शाबूत राहते. मायक्रोएसडी म्हणजे जवळजवळ अख्खी चिपच, तिचे पकडीनं बारीक तुकडे करा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तुकडे उडतात. ते सगळे गोळा करून ई-कचऱ्यात द्या.