जाळीच्या कडेची फट

म्हैसुरात एसी चालून बिघडतो त्यापेक्षा पडून जास्त बिघडतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंचावर. थंडीत हीटर लागत नाही, आणि एसीचीही खरी गरज मार्च ते मे एवढीच. वळवाच्या दोन-चार दमदार सरी पडल्या की रिमोट कपाटात जातो. आत जाळी मात्र उन्हाळाभराची धूळ घेऊन ओलसर कॉइलसमोर तशीच बसते, थेट पुढच्या मार्चपर्यंत. मग आम्हा मेकॅनिकांचे फोन वाजू लागतात, ‘गाळी बर्ता इल्ल.’ हवा येत नाही. कन्नड घर असो की आमच्यासारखं मराठी, तक्रार हीच आणि तिच्यापाठोपाठ निदानही तयार असतं : गॅस संपला असेल.

मी घरात शिरलो की आधी घर बघतो, यंत्र नंतर. देवघर कुठे आहे, स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं, समोर कुणाचं बांधकाम चालू आहे. झाकण उघडून जाळी ट्यूबलाइटसमोर धरली की तेच सगळं तिच्यावर उमटलेलं असतं. रिंग रोडच्या बाजूला तांबडी माती. ती कोरडी असते, नळाखाली धरली की सुटते. फोडणीचा धूर पोचतो त्या खोलीतली जाळी पिवळट, बोटाला चिकटणारी. ती नुसत्या पाण्याने निघत नाही, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब लागतात. आणि देवघराला लागून असलेल्या खोलीत तपकिरी मऊ थर.

हे अगरबत्तीचं गाव. म्हैसूर अगरबत्तीला भौगोलिक मानांकन आहे, आणि सायकल ब्रँडची कंपनी १९४८ साली इथेच सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ घरोघरी उदबत्ती लागते, लागावीच. पण एसीची नायलॉनची जाळी तो धूर अडवते, हा समज सोडायला हवा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. उदबत्तीच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान. जाळीची भोकं तर नुसत्या डोळ्यांना दिसतात. जाळीवर दिसतो तो तपकिरी थर धुळीला धरून राहिलेल्या धुराचा. बाकीचा धूर पलीकडे जातो, थोडा कॉइलवर बसतो आणि उरलेला परत खोलीत येतो. ही जाळी कॉइल स्वच्छ ठेवण्यासाठी बसवलेली असते. आपल्या छातीची काळजी घेणं तिचं काम नाही, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर हे स्पष्टच सांगावं लागतं.

धूर पकडायचा तर हेपा फिल्टरचा वेगळा एअर प्युरिफायर घ्यावा. हेपाची कसोटी ०.३ मायक्रॉनच्या कणांवर लागते, कारण पकडायला सर्वांत अवघड तेच. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून किंवा घासून अडकतात. त्याहून लहान कण इतके सैरावैरा हलतात की कुठल्यातरी धाग्याला लागतातच. मधलेच निसटू पाहतात, आणि त्यांतलेही ९९.९७ टक्के अडले तर तो खरा हेपा. कागदासारख्या घड्यांचा हा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. अनेक जण तो नळाखाली धरतात आणि पुढे वर्षभर निर्धास्त राहतात. ते पाहून जीव तुटतो.

दुसरा एक उद्योग म्हणजे स्प्लिट एसीच्या जाळीवर बाजारातलं जाड फिल्टरचं कापड लावणं. हेतू चांगलाच असतो. पण स्प्लिटचा ब्लोअर नाजूक, पातळ जाळीच्या हिशेबाने बनवलेला. जाड पडद्यातून त्याला पुरेशी हवा ओढता येत नाही. हवा कमी झाली की कॉइल शून्याखाली उतरते, तिच्यावर बर्फ धरतो, बर्फाने उरलीसुरली हवाही अडते, आणि यंत्र बंद केलं की भिंतीवरून पाणी गळतं. मळक्या जाळीनेही नेमकं हेच होतं. गॅस कमी असला तरी कॉइलवर बर्फ धरतो, म्हणून गोंधळ होतो. जाळी धुवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, मग यंत्र चालवा. हवा जोरात येत असूनही बर्फ धरला, तरच गॅसची शंका घ्यावी.

जाळीसोबत काही कंपन्या छोट्या पट्ट्या देतात, ‘पीएम २.५’ वगैरे लिहिलेल्या. त्या जाळीचा लहानसा भाग झाकतात. बाकीची हवा शेजारून निघून जाते. त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

फिल्टर किती बारीक आहे याहून तो नीट बसलाय का, हे मी आधी पाहतो. जाळी उन्हात वाळवली, गरम पाण्यात बुडवली, की तिची चौकट वाकते. वाकलेली जाळी खाचेत बसल्यासारखी दिसते, पण कडेला बोटाच्या नखाएवढी फट राहते. हवेला सोपी वाट मिळते; ती फटीतूनच जाते आणि तेवढ्याच पट्ट्यात कॉइल काळी पडते. म्हणून धुताना कोमट पाणी, धार उलट्या बाजूने, आणि वाळवणं सावलीत. नव्या बंगल्यांत डक्टचे एसी येऊ लागलेत. तिथे घड्यांचा फिल्टर असतो, चौकटीवर बाण छापलेला असतो. तो बाण यंत्राकडे, हवा जाते त्या दिशेला हवा. जाडी एक इंचाऐवजी दोन इंच मावत असेल तर दोन इंच घ्या, घड्या खोल असल्या की हवेला अडथळा कमी होतो. आणि मापाहून लहान फिल्टर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

हंगामात पंधरा दिवसांनी जाळी धुवा. हंगाम संपल्यावर यंत्र बंद करताना तासभर नुसत्या फॅनवर चालवा, म्हणजे कॉइल कोरडी होईल. आणि कुणी आल्याआल्या गॅस भरायचं म्हणालं, तर थांबवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो आणि गळती असेल तरच कमी होतो. आधी जाळी दाखवायला सांगा, मग गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा, आणि मगच पैसे द्या.