वाफसा

आमचं घर शेतकऱ्याचं. दिवाळीच्या सुमारास रब्बीची पेरणी तोंडावर आली की आजोबा पहाटे रानात जायचे, ढेकूळ मुठीत दाबून बघायचे आणि मगच पाभर बाहेर काढायची की नाही ते सांगायचे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नसेल तर घरात कितीही भारी बियाणं असो, ते पोत्यातच राहायचं. थेट परदेशी गुंतवणूक हा विषय मी गेली तीस वर्षं शिकवतो. त्यात जे कळलं ते सांगताना मला आजोबांची ती मूठच आठवते.

बातमी छापून येते ती आकड्यांची: इतक्या हजार कोटींचे सामंजस्य करार, इतके अब्ज डॉलर. पैसा आला म्हणजे वाढ झाली, असं आपण धरून चालतो. 2024-25 मध्ये भारतात सुमारे 81 अब्ज डॉलरची थेट गुंतवणूक आली. जुन्या गुंतवणूकदारांनी परत नेलेला पैसा आणि आपल्या कंपन्यांनी बाहेरदेशी गुंतवलेला पैसा वजा केला, तर निव्वळ रक्कम एक अब्जाच्याही आत राहते. यात घाबरण्यासारखं काही नाही. नफा नेता येतो हे दिसलं तरच पुढचा गुंतवणूकदार येतो. पण मग आपल्याकडे उरतं काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचं उत्तर मला पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मिळालं. मालक डिप्लोमा झालेले. बारा वर्षं दुसऱ्याच्या टूलरूममध्ये काढून मग कर्जावर दोन जुन्या लेथ घेतलेल्या. एका परदेशी मोटार कंपनीची ऑर्डर मिळाली: 40 मिलिमीटर बोअरचा पोलादी बुश. पहिला अख्खा लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, 12 मायक्रॉननी लहान. इथे मोजताना बरोबर, तिथे मोजताना चूक. हे दोन महिने चाललं आणि हप्ते थकले. शेवटी कंपनीचा क्वालिटी इंजिनिअर येऊन आठवडाभर शॉपवर बसला. तेव्हा उलगडा झाला. पार्ट मशीनवरून उतरला की लगेच, गरम असतानाच मोजला जात होता. वीस-पंचवीस अंश थंड झाल्यावर पोलाद आकसायचं आणि तेवढेच 12 मायक्रॉन कमी व्हायचे.

मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये एक काचेची खोली बांधून घेतली. तापमान कायम 20 अंश. पार्ट आधी तिथे ठेवायचा, मग मोजायचा. मला ती खोली दाखवताना ते म्हणाले, "सर, पहिली दोन वर्षं या ऑर्डरमध्ये काही सुटलं नाही. पण मोजायला शिकलो." पुढे त्याच खोलीच्या जोरावर त्यांना एका देशी पंप कारखान्याचं काम मिळालं. त्यांच्याकडची दोन पोरं बाहेर पडून स्वतःची शॉप काढून बसली, आणि तिथेही पार्ट थंड करूनच मोजतात. डॉलरच्या कुठल्याही तक्त्यात ही खोली दिसत नाही. यजमान देशाची वाढ मात्र इथेच होते.

संशोधनही हेच सांगतं. ब्रायन एटकेन आणि अॅन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातल्या कारखान्यांचा अभ्यास करून 1999 मध्ये दाखवलं की परदेशी कंपनी आल्यावर त्याच धंद्यातल्या स्थानिक कारखान्यांची उत्पादकता उलट घसरली. त्यांचं गिऱ्हाईक गेलं. बेआता याव्होर्चिक यांनी 2004 मध्ये लिथुआनियाबद्दल लिहिलं, तेव्हा फायदा सापडला तो परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्या क्षेत्रांत, आणि तोही जिथे स्थानिक भागीदारी होती तिथे. थोडक्यात, स्पर्धक म्हणून आपण शिकू असं नाही, व्हेंडर म्हणून शिकतो. पण शिकायला येणाऱ्याची काही तयारी लागते. 69 विकसनशील देशांवरच्या 1998 च्या एका गाजलेल्या अभ्यासात हीच अट पुढे आली: शिक्षणाची एक किमान पातळी असेल, तरच या भांडवलाने वाढ होते.

पुण्याची ती तयारी एका रात्रीत झालेली नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात 1854 ची. सँडविक 1960 मध्ये आली, कमिन्स 1962 मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत. पिंपरीत टाटांच्या टेल्कोने अॅप्रेंटिसच्या पिढ्या घडवल्या. फोक्सवॅगनने 2009 मध्ये चाकणला कारखाना सुरू केला, तेव्हा ड्रॉइंग वाचणारा फिटर आसपासच्या वस्त्यांत राहत होता. चाकणचं श्रेय सवलतींना देणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो. सवलत कुठलंही राज्य देऊ शकतं.

अशी तयारी परदेशातही दिसते. कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्य मोडीत काढलं आणि शिक्षणावर भर दिला. 1996 मध्ये इंटेलने चिप कारखान्यासाठी या छोट्या देशाची निवड केली. इंटेलने तिथल्या स्थानिक कारखान्यांकडून माल फारसा घेतला नाही, ही उणीव खरीच. 2014 मध्ये जुळणीचं काम आशियात हलवलं गेलं आणि सुमारे दीड हजार नोकऱ्या गेल्या. तरी देश कोसळला नाही. शिकलेली माणसं तिथेच होती. आज वैद्यकीय उपकरणं ही त्यांची सगळ्यात मोठी निर्यात आहे. आयर्लंडचं उदाहरण याच्या उलट, आकड्यांना न भुलण्याचं. तिथे 2015 मध्ये जीडीपी एकदम 26 टक्के वाढला, मुख्यतः कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयरिश वह्यांत आणून दाखवली म्हणून. त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला खरं उत्पन्न कळण्यासाठी वेगळं मोजमाप तयार करावं लागलं.

आपल्याकडे मारुतीसाठी सुझुकीशी 1982 मध्ये करार झाला, तेव्हा सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याचं बंधन सरकार घालू शकत होतं. गुरगाव परिसरातले कितीतरी व्हेंडर त्यातून उभे राहिले. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे आता तशी अट घालता येत नाही. येणाऱ्याला इथला माल घ्यायला भाग पाडण्याचा रस्ता बंद झाला. तो घ्यावासा वाटेल असा बनवणं एवढंच आपल्या हातात उरलं आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या जिल्ह्यात परदेशी कारखाना येतोय अशी बातमी वाचलीत, की एकदा तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन या. टर्नर आणि फिटरच्या निदेशकांची पदं भरली आहेत का, लेथ चालू आहेत का, पोरांच्या हातात मायक्रोमीटर मिळतो का, ते बघा. मिळत नसेल तर आमदारांना पत्र लिहा, आणि कारखान्याचं भूमिपूजन व्हायच्या आधी लिहा.